मी गाळलेले शब्द

मित्रांनो, बुटांच्या एका दुकानात काउंटरवर बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझा रंग कधीकाळी पांढरा होता, हे आता सांगावं लागतं. उद्या माझ्या जागी नवा येणार आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती सांगितल्याशिवाय इथून हलू नये असं वाटतं.

आमचं दुकान साध्या बुटांचं नाही. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली असतात. अशा पायांसाठी इथे मापाने बूट शिवतात. दुकान दोन भावांचं. धाकटे मालक व्यवहार बघत, मालकीणबाई काउंटर सांभाळत, आणि बूट शिवत ते थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणत.

मी नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. मालकीणबाई मला रोज मऊ फडक्याने पुसत. गिऱ्हाइकाचं माप त्या माझ्यात भरत. काही खास सूचना असली तर खाली 'शेरा' नावाच्या चौकटीत लिहीत, आणि छापलेली चिठ्ठी दादांकडे जाई. दादा तेव्हा काउंटरशेजारीच बसत. चिठ्ठी मिळाली तरी ते उठून गिऱ्हाइकाचं पाऊल स्वतः हातात घेत आणि विचारत, "इथे टोचतं का रे बाळा? खरं सांग, मी काही डॉक्टर नाही, सुई नाही माझ्याकडे. म्हणजे आहे, पण ती बुटाला!"

म्हणून माझ्यातली खोट तेव्हा उघडी पडली नाही.

खोट अशी होती. शेऱ्याच्या चौकटीत कितीही लांब मजकूर लिहिता येई. पडद्यावर तो पूर्ण दिसेही. पण मी त्याचा सुरुवातीचा भागच जपून ठेवी आणि उरलेला मुकाट्याने गाळून टाकी. मला बनवलंच तसं होतं. पण हे कारण सांगताना मला माझीच लाज वाटते.

पुढे काम वाढलं. दादांची बैठक वरच्या मजल्यावर गेली, प्रिंटरही वर गेला. आता त्यांच्यापर्यंत पावलं पोचेनात, नुसत्या चिठ्ठ्या पोचू लागल्या.

एका लहान मुलीच्या बुटासाठी मालकीणबाईंनी लिहिलं, 'उजवी टाच अर्धा इंच उंच, अंगठ्यापाशी मोकळं ठेवा, तिथे जखम आहे.' वर छापून निघालं, 'उजवी टाच अर्धा इंच उंच'. वाक्य कसं पुरं वाटतं बघा. दादांनी टाच अगदी बिनचूक चढवली. काही दिवसांनी ती मुलगी लंगडत परत आली. मोज्यावर रक्ताचा डाग होता.

"भाऊजी, अहो लिहिलं होतं मी!"

"नव्हतं गं. असतं तर दिसलं नसतं का मला?"

"मग मी काय खोटं बोलतेय?"

काम झालं की चिठ्ठी कातड्याच्या तुकड्यांबरोबर केरात जाई. त्यामुळे पडताळून बघायला काही उरलं नव्हतं. दोघंही खरं बोलत होते आणि मी दोघांच्या मध्ये शांत बसलो होतो.

असं पुन्हा पुन्हा घडू लागलं. दादांची मुलगी संध्याकाळी त्यांना न्यायला येई. ती चिडायची. "बाबा, जरा नीट वाचत जा ना! चष्मा कुठेय तुमचा?" नवा चष्मा झाला. मग डॉक्टर झाले. मग ती चिडेनाशी झाली आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलू लागली. ते मला तिच्या चिडण्यापेक्षा वाईट वाटलं. एक दिवस दादाच म्हणाले, "माझंच चुकत असेल गं. डोक्यात राहत नाही काही." धाकट्या भावाने त्यांना नाडीची भोकं पाडायचं काम दिलं. काही दिवसांनी ते यायचेच थांबले.

त्यानंतर मला बदलायचं ठरलं. नवा संगणक बसवणारी एक तरुण बाई आली आणि काही न बसवता नुसती बघत राहिली.

मालक वैतागले. "अहो, हा जुना झालाय म्हणूनच नवा घेतोय. त्यात बघायचं काय?"

"काय बिघडलंय ते कळलं नाही, तर नव्यातही मी तेच भरून देईन," ती म्हणाली.

तिचे प्रश्न संपेनात. मालकीणबाई म्हणाल्या, "बाई गं, स्थळ बघायला आल्यासारखी विचारतेयस!" तरी त्या सांगत राहिल्या. चुका कधीपासून? दादा वर गेल्यापासून. त्याआधी काय वेगळं होतं? ते स्वतः पाय बघायचे. चुका कुठल्या कामात? जिथे पुष्कळ लिहावं लागे तिथे.

तिने माझ्या चौकटीत एक लांब शेरा लिहिला, वर जाऊन चिठ्ठी आणली आणि काउंटरवर ठेवली. तिच्यावर शेऱ्याचा सुरुवातीचाच भाग छापलेला होता. मालकीणबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "भाऊजींना बोलवा."

दादा मुलीचा हात धरून आले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, पडदा पाहिला.

"म्हणजे मला वाचता येत होतं," ते म्हणाले.

"बाबा, मी तुम्हाला किती..." मुलगी म्हणू लागली.

"असू दे. तुला तरी काय ठाऊक!"

मला कुणीच काही बोललं नाही. कुणीतरी बोलायला हवं होतं. ती तरुण बाई आता माझ्यातली सगळी मापं नव्या संगणकासाठी उतरवून घेते आहे. पण गाळलेले शब्द तिला कुठून मिळणार? ते माझ्यातही नाहीत.

दादा परत बूट शिवू लागले आहेत. नवा येईपर्यंत शेरा हातानेच चिठ्ठीवर लिहायचा असं ठरलंय. त्या लहान मुलीचा पाय आता वाढला होता, तिचा बूट नव्याने करायचा होता. दादांनी काउंटरवर चिठ्ठी घेतली, पूर्ण वाचली. मग उलटून कोरी बाजू पाहिली.

"अजून काही नाही ना?"

"नाही हो भाऊजी. एवढंच."

ते जिन्यापर्यंत गेले, थांबले आणि चिठ्ठी पुन्हा उलटून पाहिली.

मित्रांनो, घरातलं मोठं माणूस चुकू लागलं असं वाटलं, तर आवाज चढवण्याआधी त्याच्या हातात काय पडलंय ते एकदा बघा. यंत्र बदलता येतं. कोऱ्या बाजूला शोधत राहणारी ती नजर मात्र कशी बदलायची, हे मला माहीत नाही.