घोडीच्या डाव्या बाजूला

बानूबाईला या कामातून काय मिळत होतं, ते मोजायला फार वेळ लागत नसे. दर रविवारी एक कप चहा, दोन ग्लुकोजची बिस्किटं आणि वर्षातून एक टी-शर्ट. छातीवर घोडा छापलेला तो टी-शर्ट सुनेनं फरशी पुसायला घेतला होता. त्या बदल्यात बासष्टाव्या वर्षी दुखरे गुडघे घेऊन खुटबावहून पाटसला यायचं आणि घोडीच्या डाव्या बाजूनं चालत राहायचं.

पाटसजवळच्या शेतावर पुण्याच्या अनुपमाबाई अपंग मुलांना घोडीवर बसवून व्यायाम देत. घोडीच्या चालीनं मुलांची पाठ सरळ राहायला शिकते, असं त्या सांगत. एका मुलामागे तीन माणसं लागत: एक लगामाला, दोघं दोन बाजूंनी मुलाला धरून. २००३ साली कॉलेजची मुलं आली, फोटो झाले, सर्टिफिकेटं वाटली, मुलं गेली. बानूबाईला सर्टिफिकेट वाचता येत नव्हतं, म्हणून बहुधा ती राहिली. तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे, घोड्याशेजारी चालण्यात गेलं होतं.

त्या रविवारी अनुपमाबाईंची गाडी यवतला पंक्चर झाली. घोडीवर नऊ वर्षांची मोनिका होती. तिची पाठ आधाराशिवाय टिकत नसे. लगाम घोडी सांभाळणाऱ्या जालिंदरच्या हातात. उजव्या बाजूला मोनिकाची आई सुषमा, कुरकुंभच्या कंपनीतून रात्रपाळी करून थेट आलेली. दुसऱ्या फेरीत तिचा हात दोनदा सुटला.

"सुषमे, चालता चालता झोपतीस व्हय गं?"

"डबल शिफ्ट झाली मावशी. हातच धरवंना."

"मंग उतरवू पोरीला."

"नगा ना. मागल्या रविवारी बी कामावर व्हते. आठवडाभर घोडी-घोडी करतीय ती." सुषमा थांबली. "तुमी मेंढरांमागं हिंडताना लेकरं घोड्यावर बांधायचा ना?"

"बांधायचो की. भांडी, कोंबड्या, लेकरं, समदं एकाच दोरीत."

"मंग हिला बांधा."

"म्या काय बी बघितलं न्हाई," असं म्हणून जालिंदरनं हायवेकडे तोंड फिरवलं.

बानूबाई जरा घुटमळली. मग सुषमानं तोंडाला गुंडाळलेली ओढणी सोडून तिच्या हातात दिली आणि बानूबाईनं मोनिकाची कंबर खोगिराला आवळली. मोनिका ताठ बसली. चार फेऱ्या झाल्या.

"आये, हात सोड," मोनिका म्हणाली. सुषमानं सोडला. तेवढ्यात गाडी आली.

अनुपमाबाई ओरडल्या नाहीत. पळत येऊन त्या गाठ सोडू लागल्या. धनगराची गाठ, सुटता सुटेना.

"पाहिलंत किती वेळ लागला? एवढ्यात घोडी पडली असती तर?"

बाईंचं खरंच होतं.

"कुणी बांधलं? पालकांनी नियम मोडला तर मुलाचं नाव यादीतून जातं. अकरा मुलं नंबर लावून बसलीत."

सुषमानं तोंड उघडलं, पण आवाज बानूबाईचा आला. "म्या बांधलं. आमच्यात असंच बांधत्यात."

"आणि ओढणी?"

"माजीच हाय."

नऊवारी नेसणाऱ्या बानूबाईनं जन्मात ओढणी घेतली नव्हती. अनुपमाबाईंनी ओढणीकडे पाहिलं, सुषमाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यातल्या त्यात स्वस्त पडणारं उत्तर खरं मानलं.

"बानूबाई, पुढच्या रविवारपासून येऊ नका."

"बरं," बानूबाई म्हणाली. घोडीच्या मानेवरून हात फिरवून ती चहा न घेताच स्टँडकडे निघाली.

पुढचे तीन रविवार सुषमा शिफ्ट बदलून वेळेवर आली. बाकीच्या मुलांबरोबर बाप, मामा, चुलते येत. सुषमाबरोबर कुणी नव्हतं. अनुपमाबाईंना मागून मुलांच्या पाठी बघाव्या लागत. मोनिकाच्या डाव्या बाजूला माणूस मिळेना, म्हणून तिची फेरी होईना. बाईंचा नियम शाबूत राहिला, मोनिकाचं नाव यादीत राहिलं, बानूबाईच्या गुडघ्यांना आराम पडला. कुणाचं फारसं गेलं नाही.

चौथ्या रविवारी मोनिका आईशेजारी बाकावर बसली होती. समोर दुसऱ्या कुणाचा मुलगा घोडीवर होता. घोडीच्या प्रत्येक पावलाबरोबर मोनिकाची कंबर बाकावर हलत होती. उजवीकडे झुकली की आई होती. डावीकडे झुकली की ती तशीच कलत जायची, आणि सुषमा दंडाला धरून तिला परत ओढायची.