पवळीचं पान

सर्वपित्रीला आमच्या घरी पाच पानं मांडतात. आजेसासरे, आजेसासू, सासरे, सासू आणि आमचे हे. औंदा मी सहावं मांडलं, आणि त्यावरनं जो तमाशा झाला तो गावानं आपापल्या परीनं तिखटमीठ लावून सांगून झालाय. आता माझ्या तोंडून ऐका.

सहावं पान गाईचं होतं. आमच्या पवळीचं. श्रावणात गेली, बावीस वर्षांची होऊन. मी तिला वाडीच्या बांधाला पुरली, खड्ड्यात अर्धी गोण मीठ घातलं, आणि आठ दिवस मला घास गेला न्हाय. तिची आई हरणी गेली तेव्हाच माझ्या मनात होतं की हिचं पान वाढावं. पण तेव्हा मी सून होते, तोंड उघडलं न्हाय. आता मी सासू हाय.

बाकीच्या पानांत खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं साग्रसंगीत. पवळी काय वडे खाणार? तिच्या पानात मी आंबोण वाढलं. कोंडा, भिजवलेली पेंड, वर मिठाची चिमूट, रोज संध्याकाळी द्यायची तस्संच.

भावकीची पंधरावीस माणसं ओटीवर जमली. रीत अशी की घरातल्या पुरुषानं पानाभोवती पाणी फिरवायचं, ज्याचं पान त्याला हाक मारायची, "या, जेवून घ्या" म्हणायचं. मग घास कौलांवर जातो आणि भावकी पंगतीला बसते. हाक मारायचा मान माझ्या लेकाचा, निकेतचा. पाच हाका त्यानं खणखणीत मारल्या. सहाव्या पानाशी अडला.

"आये, हे कोणाचं?"

"पवळीचं. मार हाक."

ह्यांचे थोरले भाऊ, मोरूभाऊजी, पुढं झाले. भावकीत त्यांचा शब्द चालतो. आंबोण बघून त्यांनी डोळे असे वटारले!

"ठमे, डोकं फिरलं काय तुझं? पितरांच्या रांगेत जनावर? उचल ते पान."

"न्हाय उचलणार."

"मग आम्ही हितं पाण्याचा थेंब घेणार न्हाय."

निकेतचं तोंड उतरलं. त्याचंही चुकलं न्हाय म्हणा. भावकी न जेवता उठली म्हणजे त्या घराशी येणंजाणं तुटलं. आमच्या रुचिकाला, म्हणजे सुनेला, सातवा महिना लागलेला. उद्या बारशाला दारात कुणी फिरकलं न्हाय तर?

"आये, पाया पडतो तुझ्या," तो म्हणाला. "मागं गोठ्यात ठेवूया पान. तिथं मी मारतो हाक."

"गोठ्यात ती जन्मभर जेवली. आज घरात जेवल."

"हट्टाला पेटू नकोस," भाऊजी म्हणाले.

झालं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी, वादळाच्या दिवशी कुठं बसला होता वो तुम्ही? दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, आपल्या दोन्ही घरांची कौलं पत्त्यांसारखी उडाली, तेव्हा सगळी गोठ्यात शिरलो का न्हाय? दुपारपास्नं संध्याकाळपर्यंत पवळीच्या पोटाला पाठ लावून देवाचं नाव घेत होता तुम्ही. कुडाची भिंत कलली, तिच्या पाठीवर आली. ती बिथरली असती तर आपण सगळी चेंगरून मेलो असतो. जागची हलली न्हाय माझी बाय. त्या दिवशी ती जनावर न्हवती?"

भाऊजी खाली बघतच म्हणाले, "तिनं केलं, मी न्हाय म्हणत न्हाय. पण रीत ती रीत." आणि ओटी उतरले. त्यांच्या मागनं सगळी उठली. अंगणात चपलांची शोधाशोध सुरू झाली.

"जा!" मी ओरडले. "खुशाल जा! आणि आत्ताच सांगून ठेवते, मी मेले की माझ्या नावानं पान मांडू नका. मी येणार न्हाय. जिथं तिला जागा न्हाय, तिथं मला घास गोड लागायचा न्हाय."

रडायला येत होतं, पण रागानं. निकेतच्या हातातला पाण्याचा तांब्या मी हिसकावला. बाईमाणसानं पाणी फिरवायचं नसतं, ठाऊक हाय मला. फिरवलं. आता हाक मारायची तर पवळीला काय "या, जेवून घ्या" म्हणू? मला तिची एकच हाक येत होती. ओटीच्या कडेला उभी राहिले आणि घसा फोडून ओरडले, "पवळेऽऽ! ये गो, ये ये येऽऽ!"

ही हाक मी वीस वर्षं रोज दिवेलागणीला मारली. ती ऐकली की पवळी टेकाडावरनं शेपूट उभी करून सुटायची ती थेट आमच्या पाणंदीतनं दारात. मधे कोण उभं हाय ते बघायची न्हाय. दोघातिघांना तिनं कुंपणात बसवलेलं.

आणि भावकी चपला घालून नेमकी पाणंदीतच पोचली होती. हाक कानावर पडली मात्र, सगळी दोन्ही बाजूंनी कुंपणाला चिकटली. पुढं मोरूभाऊजी. लेंगा मुठीत धरलेला, पोट आत घेतलेलं, नजर टेकाडाकडं.

पाणंद मोकळी झाली. तिच्यातनं कुणीच आलं न्हाय.

भाऊजींनी मुठीतला लेंगा हळूच सोडला. आपण कुणाला वाट दिली ते त्यांना कळलं होतं. एवढा सत्तरीचा माणूस उपरण्यात तोंड खुपसून रडला. मग परत वळले, चपला काढल्या, ओटी चढून आले आणि पंगतीच्या जागी मांडी घालून बसले. त्यांच्या मागनं एकेक करून सगळी येऊन बसली.

"वाढ, ठमे," भाऊजी म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "आधी तिला जेवू दे."