ग्रीज फियोर्ड ते कानाक, नखाएवढं

खणाच्या ब्लाऊजची बाही. पृथ्वीच्या डोक्यावरचा स्क्रू. गळून पडलेलं पितळी टोक. फ्रँकफुर्ट विमानतळावरचा खांब.

मित्रांनो, हे सगळं माझंच आयुष्य. मी शिवणकामाची एक जुनी, पिवळी टेप आहे.

पुण्यात मी मनोरमाआजींच्या गळ्यात असायचे. माझ्या एका बाजूला इंच, दुसरीकडे सेंटिमीटर. तिथे सगळी मापं इंचांत, त्यामुळे दुसरी बाजू नुसती सोबतीला. "मनोरमाताईंचं माप चुकत नाही," असं बायका म्हणायच्या. त्यातलं थोडं कौतुक मी स्वतःकडे ठेवून घ्यायचे. मग आजी मुलाकडे, हरीशकडे, जर्मनीत वाल्डॉर्फला आल्या आणि मी बटणांच्या डब्यात गेले. इथे कपडे तयार मिळतात.

डबा उघडला नातवानं, वेदनं. त्याची आई ऊर्मिला हायडेलबर्गला बर्फावर संशोधन करते. २००६च्या त्या वसंतात ती कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, ग्रीज फियोर्ड या गावात होती. तिथलं काम संपलं होतं. आता ग्रीनलंडमधलं कानाक, तिथलं काम, आणि मगच घर. वेदला एवढंच कळायला हवं होतं, की आई कधी दिसणार.

त्यानं मला पृथ्वीच्या गोलावर टेकवलं.

"तिथून नको रे धरू, पितळ गळून टोक झिजलंय तिचं," आजी म्हणाल्या. "दहाच्या रेघेपासून धर."

स्क्रूच्या जरा खाली ती दोन गावं होती. मी गोलाबरोबर वाकले. लाकडी पट्टीला हे जमत नाही. अंतर एक सेंटिमीटरही भरलं नाही.

"आल्झो, म्हणजे आई कानाकला मॉर्गन पोचणार. उद्याच."

"विमान तसं जात नाही," हरीश कॉम्प्युटरवरून मान न काढता म्हणाला. "मधलं पाणी ओलांडणारं विमानच नाही. आधी खाली ओटावा, मग फ्रँकफुर्ट, कोपनहेगन, आणि परत वर. हवा बिघडली तर आठवडा."

"म्हणजे शेजारणीकडे विरजण मागायला जायचं, ते नागपूरवरून?"

"गेनाऊ, अगदी तसंच, आई."

मला नवल वाटलं. जन्मभर मी लांबी सांगितली, पण किती वेळ लागेल हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

वेदनं मला बापानं सांगितलेल्या वाटेनं ओढत नेलं, ओटावापर्यंत, मग समुद्रावरून अलीकडे. त्याचं बोट थांबलं.

"फ्रँकफुर्ट? दास इस्ट या हीर. इथेच की, बाबा."

आता हरीशनं मान वर केली.

फ्रँकफुर्ट विमानतळावर दोन विमानांच्या मधल्या वेळात ऊर्मिला आम्हाला भेटायला बाहेर आली. वेदनं खिशातून मला काढलं आणि तो खांबाला पाठ लावून उभा राहिला. टोक झिजल्याचं त्यानंच तिला सांगितलं. तिनं दहा वजा केले.

"एकशे चोवीस," ती म्हणाली. "थांब, पुन्हा मोजते."

माप तेच आलं. तिनं तिसऱ्यांदा मोजलं. मग ती कानाकच्या वाटेला लागली.

मित्रांनो, झिजलेली टेप फेकू नका. ती कुठून धरायची, तेवढं जवळच्यांना सांगून ठेवा. आणि ताणू नका मला. ताणलं की मी खोटं सांगते.

ऊर्मिला घरून निघाली त्या दिवशी दाराच्या चौकटीवर वेदच्या उंचीची खूण एकशे बावीसवर होती.