उल्काने माइक मागितला

२००४च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळाने राज्याच्या निवडणुकीतल्या दोन उमेदवारांना बोलावलं, तेव्हा मोरेश्वरला वाटलं, तासाभरात भाषणं उरकतील, समोसे खाऊ आणि घरी जाऊ. शेजारी त्याची बायको उल्का बसली होती. दारू सोडून तिला दोन वर्षं होत आली होती आणि मंडळात याचा कुणालाच पत्ता नव्हता. दारूच्या त्या वाईट दिवसांत ती कार्यक्रमाला आली नाही, की मोरेश्वर सांगायचा, "मायग्रेन आहे हो तिला." साऱ्या काकवा अजूनही तिला डोकेदुखीवरचे उपाय सुचवायच्या.

बोलता बोलता विषय ड्रग्जवर आला. रिपब्लिकन उमेदवार म्हणाला, कायदा सैल केला की पोरं हाताबाहेर जातात, तुरुंगाचा धाक हवाच. डेमोक्रॅट बाई म्हणाल्या, तुरुंगावरचा खर्च उपचारांकडे वळवू.

"आणि दारूचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

दोघंही हसले. दारू कायदेशीर, ज्याचा त्याचा प्रश्न! एवढ्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं. सभागृहही हसलं.

उल्काने हात वर करून माइक मागितला.

"उल्का, नको," मोरेश्वर कुजबुजला.

"अरे, बोलू दे मला."

ती उभी राहिली. पाहुण्यांना कळावं म्हणून ती इंग्रजीत बोलली.

"मी अल्कोहोलिक आहे. माझी व्होडका मी या राज्याच्या सरकारी दुकानातून आणायचे, रीतसर पावती घेऊन. मी कोसळले तेव्हा मला डॉक्टर मिळाले, ऑफिसने रजा दिली. व्यसन सोडणाऱ्यांच्या माझ्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, ती पावडर घ्यायची. तिला आधी तुरुंग मिळाला, तिची मुलं दुरावली, आणि उपचार सगळ्यात शेवटी. हात आमचे दोघींचे सारखेच थरथरायचे. तुम्ही निवडून आलात, तर आम्हा दोघींना एकाच दारातून आत घ्याल का?"

सगळ्या माना मोरेश्वरकडे वळल्या. त्याचे कान तापले. तो उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

बाईंनी लगेच होकार दिला, पण पैसा कुठून आणणार हे त्यांना नीट सांगता आलं नाही. रिपब्लिकन उमेदवाराने माइक जवळ ओढला. "तुरुंगाबद्दलचं माझं मत आज बदलणार नाही," तो म्हणाला. "पण मी मघाशी हसलो, ते चुकलं."

कार्यक्रम संपल्यावर प्रतिमाकाकूंनी मोरेश्वरला गाठलं. त्या निवृत्त डॉक्टर, मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. "मायग्रेन म्हणे! अशी बायको असताना लपवत काय होतास रे?"

पार्किंगमध्ये श्रीरंग घुटमळत होता. मोरेश्वरच्याच ऑफिसातला, सदा हसतमुख. "वहिनी, तुमच्या ग्रुपला नवीन माणूस चालतो का?"

कुणासाठी, असं उल्काने विचारलं नाही. "शनिवारी सकाळी असतो. ये ना."

"एकट्याने यायचा धीर होत नाही."

"मी येतो घ्यायला," मोरेश्वर म्हणाला.

शनिवारी श्रीरंग उल्कासोबत आत गेला. मोरेश्वर बाहेर गाडीला टेकून उभा होता. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका अमेरिकन आजोबांनी सहज विचारलं, कुणाची वाट बघताय?

"माझ्या बायकोची," मोरेश्वर म्हणाला. "दारू सोडायला आलेल्या नव्या लोकांना ती आत धीर देते."