अर्धी ग्लोरिया

ओतिलियाला गोड आवडत नसे. हे मी शपथेवर सांगू शकते. सतरा वर्षं आम्ही दोघी रोज संध्याकाळी पाचला घरासमोर फुटपाथवर खुर्च्या टाकून बसायचो, आणि तेवढ्या काळात तिनं माझ्यादेखत साधं बिस्कीटसुद्धा तोंडात टाकलं नाही. तिला हवं खारट. सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया, लिंबू पिळलेले शेंगदाणे, वर तिखटाचं लाल पाणी ओतलेल्या पिठाच्या कुरकुरीत नळ्या. एक पिशवी संपायच्या आधी दुसरी उघडलेली असायची. मी एल्विरा, तिची शेजारीण, पुढच्या खोलीत वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवते. दुकानात टांगलेली चिप्सची माळ निम्मी तिनंच संपवलेली असे.

ती शिवणकाम करते. आमच्या मेक्सिकोत मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात; लिनारेस गावातल्या कितीतरी मुलींचे त्या दिवसाचे झगे तिच्या हातचे. मशीनच्या उजवीकडे टाचण्या, डावीकडे बियांचा वाडगा. नवरा एवेरार्दो मालट्रक घेऊन सरहद्दीवरच्या लारेदोपर्यंत जातो, आठ-आठ दिवस घरी नसतो. घरात ती आणि सासरे, फिदेन्सियोबाबा.

बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. उभा जन्म संत्र्यांची खोकी ट्रकवर चढवण्यात गेला. मधुमेहापायी डाव्या पायाची दोन बोटं गेली, पण गोडावरची वासना काही गेली नाही. झग्याचं माप द्यायला येणाऱ्या आया कौतुकानं ग्लोरियांचा डबा आणतात. आटवलेल्या बकरीच्या दुधाचे, अक्रोडासारख्या पेकनचे तुकडे घातलेले गोळे, लाल चकचकीत कागदात बांधलेले. आमच्या गावात रिकाम्या हातानं जायचं नसलं की हेच नेतात. ओतिलिया तो डबा कपाटात कुलूपबंद करायची आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवायची. तरी बाबा कुठून ना कुठून मिळवायचे. बुटात लपवायचे, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली लपवायचे, ग्वादालूपे मातेच्या तसबिरीमागेसुद्धा. ही शोधून काढायची.

"पोरी, तुझं नाक आहे की पोलिसांचं कुत्रं?"

"आठ बोटं उरलीत, बाबा. ती तरी घेऊन स्वर्गात जा."

"स्वर्गात अनवाणीच जातात."

असं त्यांचं चालायचं. भांडण म्हणावं तर भांडण, पण त्यापलीकडे दोघांत बोलणं फारसं नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ओतिलियाचं वजन एकशे एकवीस किलो झालं. गुडघे बोलायला लागले. गिऱ्हाइकाच्या झग्याची खालची किनार टाचायला ती जमिनीवर बसली, की तिला उठवायला मला हाक मारावी लागे. मोन्तेरे शहरातल्या सरकारी रुग्णालयात वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी नाव घातलं, दोन वर्षांनी नंबर लागला. पोट अंड्याएवढं ठेवून आतडं वर जोडून दिलं. फेब्रुवारीत मीच तिला घरी आणली. वाटेत ती म्हणाली, "एल्विरा, मला भूकच नाही. भूक नसणं इतकं विचित्र असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं."

पहिले महिने सूप, मग लगदा, मग चमच्या-चमच्यानं जेवण. वजन डोळ्यांदेखत उतरत होतं. एवेरार्दो तिचा फोटो धाब्या-धाब्यावर दाखवत हिंडे. मी मात्र वाट बघत होते, की आमच्या खुर्च्या परत कधी बाहेर येतात. जूनमध्ये डॉक्टरांनी सगळं खायची परवानगी दिली, तशी मी बियांची पिशवी घेऊन गेले. तिनं एक बी दातांत फोडली आणि लगेच थुंकली.

"समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "आणि तुझ्या चिप्सना जुन्या तेलाचा वास येतो. आधीही यायचा का?"

मला राग आला. तिला दिसू दिला नाही, पण आला. ती शेजारी बसली खरी, पण हातांना काम नव्हतं. बोटं मोडली, खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. उठून दाराशी गेली, परत आली. "तू बस ना गं," मी म्हटलं. "बसलेच आहे की," असं ती उभ्यानं म्हणाली. पुढे पुढे ती यायचीच बंद झाली. म्हणायची, काम फार आहे. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा, अर्धा मिनिट चालून थांबायचा, मग पावलांचा आवाज. स्वयंपाकघर, अंगण, पुन्हा स्वयंपाकघर.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये कुणीतरी ग्लोरियांचा डबा आणला. कुलूप लावताना तिला त्याचा वास आला. जन्मभर तो वास तिच्या नाकाखाली होता, पण त्या दिवशी पोटातून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. तिनं नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पाव ग्लोरिया, आठवड्याभरात अख्खी. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घाम फुटायचा, छाती धडधडायची, पोट पिळवटायचं, आणि ती थंड फरशीवर गाल टेकून पडून राहायची. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि गोड जास्त झालं तर दोन तासांनी रक्तातली साखर उलट कोसळते, हेही. फरशीवर पडल्या पडल्या ती ठरवायची, की हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी साडेचार झाले की मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा. पाच वाजेपर्यंत ती घरात चार फेऱ्या घालायची, देवाचं नाव घ्यायची, दात घासायची. पाच वाजता किल्ली हातात असायची.

लाल कागद ती चिंध्यांच्या पोत्यात, साटीनच्या तुकड्यांत दडवायची. वाटायचं, कुणाला कळणार?

एके दुपारी बाबा काठी टेकत मशीनपाशी आले. शांतपणे म्हणाले, "कागद चुरगाळायचा नाही. आवाज होतो. चार घड्या घालायच्या आणि बुटाच्या टाचेत सरकवायचा."

"कसला कागद?"

"पोरी, मी या धंद्यात वीस वर्षं आहे."

ती लालभडक झाली. मग रडायला लागली. बाबा घाबरले, त्यांनी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अर्धी मला दे. मी काही बोलणार नाही."

तिनं अर्धी दिली. अर्ध्यानं काय होतंय, असं स्वतःला समजावलं. तिचीही अर्धीच होईल, म्हणजे त्रास कमी. हिशेब अगदी सोयीचा होता.

मग रोज पाचला दोघं स्वयंपाकघरात बसू लागले. बाबा तिला बायकोच्या गोष्टी सांगत. ती नाचायला जायची तेव्हा शेजारणीचे बूट मागून न्यायची. एवेरार्दो लहानपणी मुंग्या खायचा. ओतिलिया हसून हसून पालथी पडायची. एकोणीस वर्षं एका घरात राहून तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला भिंतीपलीकडे ते हसणं ऐकू यायचं आणि मी फुटपाथवर एकटी टरफलं थुंकत बसायचे. मनात म्हणायचे, बारीक झाली आणि मला विसरली.

अर्धीची कधी एक झाली, एकीच्या दोन कधी झाल्या, ते दोघांनाही सांगता येत नाही. नोव्हेंबरनंतर तिचं वजन उतरायचं थांबलं. एवेरार्दोनं फोनवर विचारलं, "काही चोरून खातेस काय?" तो गंमत करत होता. तिनं इतक्या जोरात फोन आपटला, की त्यानं दोन दिवस फोन केला नाही.

एप्रिलमध्ये एका मुलीचा झगा अंगावर घालून बघायचं चाललं होतं. मुलगी स्टुलावर उभी, ओतिलिया गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. सात वाजले असतील. एकाएकी तिचे हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काळोखी आली, आणि ती निळ्या जाळीच्या घेरात कोसळली. मुलगी किंचाळली. मी दुकान तसंच टाकून धावले. पोचते तर बाबा गुडघे टेकून बसलेले. तिच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून झाल्या होत्या आणि ते आपलं साखर मोजायचं यंत्र तिच्या बोटाला लावत होते.

"एक्केचाळीस. साखर पार खाली गेलीय," ते म्हणाले. "एल्विरा, संत्र्याचा रस आण. पळ!"

घोट घोट रस पाजल्यावर तिनं डोळे उघडले. बाबांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"आज किती खाल्ल्यास?" त्यांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघायला लागली.

"तिच्याकडे नको बघू, माझ्याकडे बघ. मी झोपलो होतो तेव्हा किती?"

"चार."

माझ्या काही लक्षातच येईना. "चार काय?" मी विचारलं.  बाबा उठायला गेले आणि उठता येईना, म्हणून मी त्यांना हात दिला. तेव्हा त्यांच्या मोज्यावरचा डाग दिसला. ओला, पिवळट. मोजा काढला, तर उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला आणि वास सुटलेला. तीन आठवड्यांची जखम होती. सांगितली असती तर डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणजे पाचची बैठक बंद, म्हणून त्यांनी ती दडवून ठेवली होती.

ओतिलिया धडपडत उठली. ती एका हातानं भिंतीला धरून उभी, बाबा एका पायावर, आणि निळ्या झग्यातली ती पोर मध्ये रडत. दोघांना गाडीत घालून मीच घेऊन गेले.

बाबांचा अंगठा काढावा लागला. डॉक्टर मुलगी तरुण होती, कागदावर लिहीत विचारत होती, "आजोबा पथ्य पाळतात ना?"

"पाळतात," बाबा म्हणाले. "सूनबाई फार कडक आहे."

"खोटं आहे," ओतिलिया म्हणाली. "मीच देत होते. रोज. माझं मला चोरून खाता यावं म्हणून."

"पोरी, गप्प बस. बोट माझं होतं, तोंडही माझंच."

"बाबा, तुम्ही गप्प बसा!"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. ओतिलियानं मग सगळं सांगितलं. नखाएवढा तुकडा, फरशी, लाल कागद, साडेचारपासूनच्या फेऱ्या. एवेरार्दो लारेदोहून तसाच येऊन दारात उभा होता, त्यानंही ऐकलं. त्याचं तोंड कडू झालं. "एवढं पोट कापून घेतलंस ते कशासाठी मग?" तो म्हणाला.

"मला वाटलं, पोटाबरोबर तेही कापून टाकतील," ती म्हणाली.

तो बाहेर जाऊन ट्रकला टेकून उभा राहिला. अर्ध्या तासानं परत आला तो कॉफी घेऊन, बिनसाखरेची, सगळ्यांसाठी. 

ऑपरेशन झालेल्यांची बैठक रुग्णालयात दर पंधरवड्याला भरते, तिथं तिला धाडलं. मीही सोबत जाते, मागं बसते. एक पोस्टमन आहे, तो डब्यातलं घट्ट गोड दूध चमच्यानं खातो. एक हेडमास्तरीण शाळेतल्या मुलांच्या गोळ्या जप्त करते आणि मोटारीत बसून चघळते. पहिल्या दिवशी ओतिलिया दोन तासांत सहा वेळा उठून पाणी प्यायली. आहारतज्ज्ञ बाईंनी तीन-तीन तासांनी थोडं थोडं खायला लावलंय. अंडं, पनीर, मूठभर घेवडा. साखर आता कोसळत नाही. पण पाच वाजता काय होतं, त्यावर त्यांच्याकडेही औषध नाही. "त्या वेळी घरात राहू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून आम्ही चालतो. साडेचारला ती माझ्या दुकानाच्या काउंटरवर बोटं वाजवायला लागते. "चल, चल ना, एल्विरा. अगं बये, कुलूप लावायला किती वेळ!" संत्र्यांच्या बागांकडे जाणाऱ्या रस्त्यानं ती पुढे, मी धापा टाकत मागे. मी म्हणते, जरा बसू या. ती म्हणते, बसले की संपलं. बोलणंही तुटक. शिलाई, बाबांचं ड्रेसिंग, एवेरार्दोच्या घोरण्याचा त्रास, मग मध्येच, "आत्ता मला एक मिळाली असती तर मी तुला इथं टाकून पळाले असते." मी म्हणते, "पळ, मला तेवढाच आराम."

बाबांची जखम भरली. ते आता काठीऐवजी चाकांचा वॉकर घेऊन हिंडतात, आणि पाचला त्यांना फार एकटं वाटतं. हे ते बोलून दाखवतात. ओतिलियानं आता जेवणानंतर त्यांच्यापाशी बसायला सुरुवात केली आहे. खाणं नसलं, की गोष्टींना आधीसारखी रंगत येत नाही. तरी बसतात दोघं.

गेल्या रविवारी एवेरार्दोच्या पुतणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. टेबलावर तीन थरांचा केक, ग्लोरियांची ताटं. ओतिलिया ताटाभोवती घिरट्या घालत होती. मी बघत होते, एवेरार्दोही बघत होता. मी बाळाच्या आईशी दोन शब्द बोलायला वळले, तेवढ्यात ती समोर येऊन उभी राहिली.

"खाल्ल्या," ती म्हणाली. "दोन. आत्ता. घाम यायला लागलाय."

एवेरार्दोनं तिला ट्रकच्या मागच्या बाकावर नेऊन निजवलं. दार उघडं ठेवलं आणि टोपीनं वारा घालत राहिला. ती कण्हत होती, पाय झाडत होती, त्याच्यावर डाफरत होती, "जोरात घाल ना!" पाऊण तासानं तिच्या तोंडावर रंग आला. उठून बसली, केस बांधले आणि विचारलं, "साडेचार वाजले का?"

"वाजून गेले," मी म्हटलं.

तिनं उंच टाचांचे बूट काढून हातात घेतले आणि चर्चच्या मागच्या कच्च्या रस्त्यानं चालायला लागली. मला हाक मारायला थांबलीसुद्धा नाही. तिच्यामागे निघायला मी ट्रकपाशी काढून टाकलेले माझे बूट शोधत बसले.