भिंतीवरची माय

गिरजाबाईला कोणी काहीही बोललं तरी ती ऐकून घ्यायची. सून बोलली, शेजारीण बोलली, मच्छी घेणारं गिऱ्हाईक बोललं, बाई गप्प. पण तिच्या मायबद्दल कोणी ब्र काढला, की मग त्याची खैर नव्हती. आणि बघा, जिच्यासाठी ती अशी उभ्या गावाशी भांडायची, ती माय तिला आठवतही नव्हती. पोरगी धड बोलायला लागली नव्हती तेव्हाच माय बाळंतपणात गेली. मागे राहिला तो भिंतीवरचा एक फोटो.

फोटोतली बाई तरणीताठी होती. डोक्यावर पदर, नाकात नथ, डोळे जरासे खाली. सवाष्ण गेलेली, म्हणून गिरजाबाई दर शुक्रवारी काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकू लावायची. फोटोखालीच आरसा टांगलेला होता. वेणी घालताना ती एकदा वर बघायची, एकदा आरशात. तेच नाक, तीच हनुवटी. गावातल्या जुन्या म्हाताऱ्याही म्हणायच्या, "अवं, मायचंच तोंड घेऊन आली पोरगी!" असं कोणी म्हटलं की तिचा बाप, दादाजी, जाळं खांद्यावर टाकायचा आणि तलावाकडे चालू पडायचा. बापाला दुःख आवरत नाही, असं तिला वाटे.

दादाजी म्हणजे भरघोस मिशीचा, कमी बोलणारा ढिवर. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. लेकीची वेणी त्यानंच घातली, लेकीला जाळं विणायला त्यानंच शिकवलं आणि घरजावई आणून तिला डोळ्यांसमोर ठेवली. एकच गोष्ट चमत्कारिक होती. हिवाळ्यात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला की रात्री गावात नाटक व्हायचं. झाडीपट्टीतलं गाव ते, नाटकासाठी माणूस तापातून उठून जाईल. पण हा एकटा त्या रात्री तलावाच्या पाळीवर अंधारात बसून राहायचा.

मागल्या वर्षी तो वारला, गडचिरोलीच्या दवाखान्यात. नाकात नळी घालायची म्हणून त्याची मिशी भादरली होती. गिरजाबाई आत गेली आणि दारातच थबकली. उशीवर तिची माय होती! अगदी भिंतीवरची. नंतर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माय त्याले न्याले आली होती जी. म्या माह्या डोळ्यानं पाह्यली." लोक हात जोडायचे. तिलाही त्याचा मोठा आधार वाटायचा.

यंदा अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी निकेश घरी आला. हा गावचाच, सिंदेवाहीत त्याचं फोटोचं दुकान आहे आणि गावच्या नाटक मंडळाचं सगळं तोच बघतो. मंडळाला पंचाहत्तर वर्षं होतात म्हणून चौकात जुन्या फोटोंचा मोठा फलक लावायचा त्यानं घाट घातला होता. हातात एक पिवळट फोटो होता. दोन रांगांत बसलेली माणसं, कोणाच्या हातात लाकडी तलवार, कोणाच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट.

"बाई, तुमी जुन्या. यातलं कोणी ओळखता का? आणि हे मधातली नटी कोण? त्या काळी आपल्याकडं बाया स्टेजवर येत नोत्या, बाहेरून आणली असंल..."

गिरजाबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. मधोमध, सोळा पुरुषांच्या गराड्यात, नथ घालून, पदर घेऊन तिची माय बसली होती.

"तोंड सांभाळ, निकेश! नटी म्हणते! माय हाय ते माही!"

निकेशनं भिंतीकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या फोटोकडे बघितलं. गिरजाबाईनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. माय नाटकात? एवढ्या माणसांत? आणि बाबा कुठे होता? तिनं एकेक मिशी, एकेक दाढी बोटानं तपासली. बाप त्यात नव्हता. हा फोटो चौकात लागला तर लोक काय काय बोलतील, हे तिला आत्ताच ऐकू यायला लागलं. बाबा पाळीवर जाऊन बसायचा तो याच्यामुळंच का? तिनं फोटो पदराखाली घेतला आणि तरातरा श्रावणबुवाच्या घरी निघाली.

त्या वेळच्या मंडळातला श्रावण हा एकटाच उरला होता, पेटी वाजवणारा. आता दोन्ही डोळ्यांनी गेलेला. पडवीत बाजेवर पडला होता.

"काका, खरं सांगा," ती दम न खाता बोलली. "माही माय नाटकात नाचत होती का?"

"कोण म्हणते?"

"फोटो हाय माह्या हातात. तुमी सारे बसले हा. मधात माही माय हाय."

म्हातारा उठून बसला. त्यानं हात पुढे केला, फोटोवरून उगाच बोटं फिरवली.

"पोरी, मधात राणी असते," तो शेवटी म्हणाला. "राणीचं काम दादाजी करे."

"काय बोलून राह्यले, काका?"

"दादाजी व. तुहा बाप. मिशी नोती तवा त्याले. असा स्त्रीपार्ट आरमोरीपर्यंत कोणी करत नोतं. लोक म्हणत, बाई झक मारते याच्यापुढं!" त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "माय मेली तुही, अन् तू बोलाले लागली तशी रोज रडत जाये. माय दाखव, माय दाखव. कुठून दाखवंल? फोटो नोता तिचा. मंग त्यानं या फोटोतून आपलंच तोंड मोठं करून आणलं. लुगडं तिचंच होतं, नथ तिचीच होती. तू पाह्यलं अन् गप झाली. त्या दिवसापासून त्यानं नाटक सोडलं अन् मिशी ठेवली. आमी साऱ्यायनं, गावातल्या बायायनंबी, तोंड शिवून घेतलं. लेकरू निजते ना, निजू द्या म्हटलं."

गिरजाबाई भुईवरच बसली. म्हणजे दवाखान्यात माय आलीच नव्हती. उशीवर बापच होता, फक्त मिशीविना. आरशात आयुष्यभर बघितला तोही बापच. तिला संताप आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठे काढता न येणारा.

"फसवलं बाबानं मले," ती म्हणाली. "मी म्हातारी झाली, तरी नाई सांगतलं."

"कसा सांगंल? तू दर शुक्रवारी त्याच्यासमोर कुंकू लावत जाये."

अंगणात कोंबड्या उकरत होत्या. तिनं डोळे पुसले आणि एकच विचारलं. "काका, मंग माय कशी दिसे?"

श्रावणबुवानं मान वर केली. ओठ हलले. "सावळी होती... नाई, गोरीच असंल. आवाज याद हाय मले. खणखणीत आवाज. तोंड..." त्यानं डोकं हलवलं. "तोंड नाई याद येत, पोरी. साठ वर्सं झाली."

मग तोच म्हणाला, "फोटो काढला तवा होती ते तिथंच. तू कडेवर. दादाजीले पदर नीट घेता येत नोता, म्हून तिनंच त्याच्या डोक्यावर बसवून देला. अन् तिथंच उभी राह्यली, हासत. फोटोवाला वरडला, बाई, बाजूले सरका, फोटोत येऊन राह्यल्या तुमी. तशी ते सरकली."

गिरजाबाई उठली. वाटेत निकेश भेटला, त्याला तिनं फोटो परत दिला. "लाव चौकात. खाली लिव्ह, दादाजी ढिवर, राणीच्या कामात."

अखजीच्या सकाळी तिनं दरवर्षीसारखं नव्या मडक्यात पाणी भरलं, वाळा टाकला आणि पितरांच्या नावानं ठेवलं. भिंतीवर दोन फोटो होते, एक मिशीचा, एक नथीचा. दोन्हींना तिनं हार घातला. नात पायल कुंकवाची कोयरी धरून उभी होती. गिरजाबाईनं बोट बुडवलं आणि नथीच्या फोटोकडे नेलं. कपाळापाशी बोट थांबलं. मग हळूच वर सरकलं आणि डोक्यावरच्या पदराच्या काठावर टेकलं.

"आजी, चुकलं व! कपाळाले लाव ना."

"कपाळ बाबाचं हाय," गिरजाबाई म्हणाली. तिचं बोट काचेवरून निघत नव्हतं. "माय एवढीच हाय, पदरापुरती."