पलीकडचा दिवा

नवरा बाहेरच्या खोलीत झोपायला गेला, तो चार दिवसांसाठी म्हणून. तिला खोकला झाला होता, त्याला सकाळी लवकर निघावं लागायचं. ठीक आहे, जा बाबा. खोकला गेला, नवरा काही परत आला नाही. आधी पाठीचं निमित्त झालं, मग टीव्हीवरच्या बातम्यांचं, आणि पुढे पुढे निमित्त सांगायचेही कष्ट कोणी घेईना. सोफ्याला त्याच्या अंगाचा खड्डा पडला. भांडण म्हणाल तर छे! भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

त्यामुळे एका सकाळी चहा पिता पिता तो आपणहून म्हणाला, की झोपायची खोली आता रंगवून घेऊ, पलंगही फार कुरकुरतो, सगळं तुझ्या मनासारखं कर, तेव्हा बाईनं बशीतला चहा तसाच खाली ठेवला. मेलं मन किती वेडं असतं! तो बोलला भिंतींबद्दल आणि हिनं धरून ठेवलं, की हा आता खोलीत परत येणार.

तिला स्वतःला आवडायचा पिवळा. पिकल्या पेरूच्या सालीचा असतो तसा, ऊन नसलं तरी ऊन आल्यासारखा वाटणारा. पण रंगाच्या दुकानात तिनं पिवळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लग्नानंतर दोघं फिरायला गेली होती, तिथल्या खोलीच्या भिंती धुरकट निळ्या होत्या आणि तो म्हणाला होता, या रंगात काय गाढ झोप लागते गं! एवढ्या एका वाक्यावर बाईनं चारही भिंती निळ्या करून घेतल्या. नमुने लावून लावून रंगारी मेटाकुटीला आला, पण नेमका तोच निळा सापडल्याशिवाय हिनं त्याला सोडलं नाही.

मग काय, सपाटाच लावला. कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती गिऱ्हाइकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची, त्यामुळे शिवणात हात बसलेला. त्याला उजेडानं जाग येते म्हणून पडद्यांना जाड अस्तर. मोठी फुलं त्याच्या डोळ्यांवर येतात म्हणून पडद्यावर नुसत्या बारीक रेघा. सकाळी गार फरशीवर पाय टेकला की तो तोंड वाकडं करायचा, म्हणून त्याच्या बाजूला खरखरीत, जाड विणीचा गालिचा. त्याचे जुने शर्ट आणि आपले जुने कपडे कापून तिनं गोधडी शिवली, एक चौकट त्याची, एक आपली, दोघांना पुरून उरेल अशी ऐसपैस. आणि उशाशी ठेवायला दोन दिवे, एक इकडे आपल्या बाजूला, एक पलीकडे त्याच्या बाजूला, कारण त्याला वाचता वाचता झोपायची सवय.

नणंद एकदा डोकावली आणि म्हणाली, वहिनी, घरात नवी नवरी येणार आहे की काय? गप्प बसा हो वन्सं, म्हणत ही हसली खरी, पण कान लाल झाले होते.

पलंगाचं तेवढं नवऱ्यानं स्वतःकडे घेतलं. सुतार त्याच्या ओळखीचा होता. हिला त्यातही आनंदच झाला, की चला, एक गोष्ट तरी तो करतोय.

पलंग आला. सुतारानं तो खोलीत जोडला आणि गोधडी छातीशी धरून ही दारात उभी राहिली. माणसाच्या कमरेकडे बघून माप सांगणारी बाई ती, तिला टेप लागला नाही. पलंग एका माणसाचा होता.

"चुकून दुसऱ्या कोणाचा आणलात," ती म्हणाली.

सुतार गोंधळला. तो म्हणाला, मी दोनदा विचारून घेतलं, तर साहेबच म्हणाले, मोठा नको, तिच्या एकटीपुरताच कर. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला.

संध्याकाळी नवरा आला, खोलीभर फिरला, पडद्याला हात लावून बघितला आणि मान डोलावली.

"तुम्ही कुठं झोपणार?" तिनं विचारलं.

"मी? बाहेरच. मला आता तिथली सवय झालीय." मग मायेनं म्हणाला, "इतकी वर्षं तुला स्वतःचं असं काही नव्हतं. आता ही खोली तुझी. मुद्दाम करून घेतली गं तुझ्यासाठी."

आणि तो खरंच बोलत होता, हेच तर वाईट. लबाड असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती ती. गोधडी पलंगाच्या दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळत होती. दुहेरी घडी घाल, म्हणजे ऊब जास्त मिळेल, असंही त्यानं सुचवलं.

"मला पिवळा आवडतो," ती म्हणाली.

"मग पिवळाच द्यायचास की. मी कधी तुला काही म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला काहीसुद्धा म्हटलं नव्हतं.

त्याचं लक्ष पलीकडच्या दिव्याकडे गेलं. एकटीला दोन कशाला, म्हणत त्यानं तो लावून पाहिला, वायर काढली, हाताला गुंडाळली आणि दिवा काखेत घेऊन तो बाहेर गेला. ती गोधडीची घडी घालत राहिली.

"झकास उजेड पडतोय," सोफ्यावरून त्याचा आवाज आला. "तुझी निवड चांगली आहे हं."